मूलपेशी : उपचार कुठे, आमिष कुठे?

प्रवरेच्या काठावरील नेवासा महाराष्ट्राला ठाऊक आहे तो ज्ञानेश्वरीमुळे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील आपली टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथे आजही पूजिला जातो. ती टीका लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा हे मृत्यूच्या दारातून परत आलेले गृहस्थ होते, अशी आख्यायिका आहे. सती जायला निघालेल्या त्यांच्या पत्नीला ज्ञानेश्वरांनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि तिरडीवरचा देह उठून बसला, असे सांगतात. श्रद्धेच्या या कथेचे विज्ञानाशी काही देणेघेणे नाही. परंतु गेलेले परत मिळावे ही माणसाची ओढ सात शतकांनंतरही तशीच आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत तिला ‘स्टेम सेल’ हे नवे नाव मिळाले आहे.

नेवाशासारख्या तालुक्याच्या गावी हा शब्द पोहोचतो तो जाहिरातीतून, कुणा नातेवाइकाच्या ऐकीव माहितीतून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीतून. जन्मापासून पाय न टाकणारे मूल, पक्षाघाताने खिळलेले वडील, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारी मुलगी, अशा कोणत्याही घरात तो एकाच अर्थाने शिरतो : मोठ्या शहरात यावर आता उपाय निघाला आहे. नेवासा फाट्यावरून एकीकडे अहिल्यानगर, पुणे आणि मुंबईची वाट, तर दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरची. वाटेच्या टोकाला काय आहे, हा खरा प्रश्न. वरच्या तीन घरांपैकी एका घरासाठी तेथे खरोखरच उपचार आहे, आणि तो चार दशके जुना आहे. उरलेल्या दोन घरांसाठी आज तरी बहुधा केवळ पावती आहे. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घेतले की या विषयातील बरेचसे धुके निवळते.

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशी आपापल्या कामाला कायमच्या जुंपलेल्या असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, मज्जापेशी संदेश नेते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहते आणि साधारण १२० दिवसांनी नष्ट होते. मूलपेशींचे तसे नाही. त्यांच्या ठायी दोन गुण एकत्र नांदतात. त्या विभागून आपल्यासारख्याच मूलपेशी तयार करतात, म्हणजे भांडवल शिल्लक राखतात. आणि त्याच वेळी काही पेशींना विशिष्ट कामासाठी घडवून बाहेर धाडतात. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर घर चालवणाऱ्या जुन्या काळच्या सावकाराची उपमा त्यांना शोभेल. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेतून रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी रक्तात उतरतात. हा सारा कारखाना चालतो तो मज्जेतील मूठभर मूलपेशींच्या जिवावर.

१९६१ मध्ये टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक या संशोधकांनी किरणोत्साराने मज्जा जळालेल्या उंदरांना निरोगी उंदरांची मज्जा टोचली, तेव्हा काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान गाठी उठल्या. त्यांतील प्रत्येक गाठ ही एकेका पेशीची संतती असल्याचे पुढे स्पष्ट झाले, आणि मूलपेशी हा तोवर तर्काचा असलेला विषय मोजमापाच्या कक्षेत आला. माणसांवरील प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेतील डोनल थॉमस यांनी १९५७ पासून मज्जा प्रत्यारोपणाचे प्रयत्न केले आणि बरीच वर्षे त्यांच्या पदरी अपयशच अधिक पडले. दाता आणि रुग्ण यांच्या ऊती जुळाव्या लागतात हे लक्षात आल्यावर चित्र पालटले. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात हा उपचार आला तो मुंबईतून. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. बालपणी झालेल्या पोलिओमुळे स्वतः चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी सिएटलला थॉमस यांच्या संस्थेत जाऊन हे तंत्र आत्मसात केले होते. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने थॅलेसेमियाच्या रुग्णावर असेच प्रत्यारोपण केले. टाटाचा हा विभाग आता खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात आहे. गंमत अशी की, या उपचाराला कुणी ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणत नाही. लोक त्याला ‘बोन मॅरो’ म्हणतात. जगात सर्वाधिक सिद्ध झालेला मूलपेशी उपचार लोकांच्या तोंडी दुसऱ्याच नावाने रुळला, आणि मूळ नाव मात्र जाहिरातदारांना मोकळे सापडले.

प्रत्यारोपण या शब्दाने शस्त्रक्रियेचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात रुग्णाच्या बाजूने त्यात शस्त्रक्रिया अशी नसतेच. आधी तीव्र औषधांनी रुग्णाची सदोष मज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या कमरेच्या हाडातून किंवा रक्तातून वेगळ्या केलेल्या मूलपेशी पिशवीतून शिरेवाटे दिल्या जातात, अगदी रक्त चढवावे तशा. त्यांना हाडांपर्यंत कुणी पोहोचवत नाही. त्या आपली वाट आपणच शोधतात, मज्जेत रुजतात आणि दोन ते चार आठवड्यांत नव्या रक्तपेशी दिसू लागतात. मधला काळ मात्र अत्यंत नाजूक. रुग्णाला प्रतिकारशक्ती उरलेली नसते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परके मानून त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला चढवतात, असेही घडते. म्हणजे सिद्ध उपचार हादेखील सोपा उपचार नव्हे. ‘एक इंजेक्शन आणि संध्याकाळी घरी’ अशी भाषा त्याच्या वाट्याला कधी आली नाही.

आता त्या तिसऱ्या घराकडे, दर महिन्याला रक्त चढवावे लागणाऱ्या मुलीकडे वळू. थॅलेसेमियात तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन जन्मतःच सदोष असते. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक आढळते, परंतु तो त्यांच्यापुरता मर्यादित नाही. रक्त देत राहिल्याने मूल जगते. मात्र प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साठत जाते आणि यकृत व हृदय यांना इजा करते. म्हणून प्रत्यारोपण करायचे तर ते लवकर, लोहाने अवयव पोखरण्यापूर्वी करणे हिताचे ठरते. सख्ख्या भावंडाच्या ऊती पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ती तपासणी रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. मुंबई महापालिकेने बोरिवलीत थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी प्रत्यारोपणाचे केंद्र चालवले आहे. कोल इंडिया या सार्वजनिक कंपनीच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून २०१७ पासून निवडक रुग्णालयांतील प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ही माहिती जिल्ह्याच्या गावातील रक्तपेढीच्या बाकावर बसलेल्या आईबापांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतात ती खासगी केंद्रांची पत्रके, आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत भावंडाची तपासणीच झालेली नसते. मूलपेशींच्या नावाने होणारे हे सर्वांत मोठे नुकसान असावे, आणि त्याची गणती कुठेच होत नाही.

रक्ताच्या बाबतीत मूलपेशी यशस्वी का झाल्या? कारण त्यांना त्यांचेच काम सांगितले गेले. मज्जेतील मूलपेशी रक्त घडवते. तिला मज्जेतच नेऊन रक्तच घडवायला लावले. हा निकष इतरत्रही लागू पडतो.

तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हाती लागते, तो ती दाबतो आणि फुटलेल्या पुडीतील चुना डोळ्यात उडतो. भारतात मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांचे हे एक ठळक कारण आहे. अशा वेळी बुबुळाच्या काळ्या-पांढऱ्या भागांच्या सीमेवर असलेल्या मूलपेशी जळतात. पारपटलाची वरची पारदर्शक त्वचा एरवी त्याच पेशी सतत नवी करत असतात. त्या गेल्या की पारपटलावर पांढुरका पडदा चढतो आणि केवळ नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवूनही भागत नाही, कारण ते राखणारा माळीच नाहीसा झालेला असतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून यावर काम झाले. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या सीमेवरून अगदी लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि जळालेल्या डोळ्यावर रुजवायच्या. पुढे डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणखी सोपी रीत मांडली. तुकड्याचे बारीक कण वारेच्या पातळ आवरणावर पसरून थेट डोळ्यावरच वाढू द्यायचे. प्रयोगशाळेचा खर्चच उरला नाही. युरोपने याच तत्त्वावरील औषधाला २०१५ मध्ये मान्यता दिली. जर्मनीत २०१५ मध्ये जनुकीय दोषामुळे अंगावरची बहुतेक कातडी गळून गेलेल्या सात वर्षांच्या मुलाला त्याच्याच त्वचेच्या दुरुस्त केलेल्या मूलपेशींपासून वाढवलेली नवी कातडी बसवण्यात आली. त्याच्या शरीराचा सुमारे ८० टक्के भाग तिने झाकला. डोळ्याच्या मूलपेशींनी डोळा राखला, त्वचेच्या मूलपेशींनी त्वचा.

याउलट मज्जेतील पेशी हृदयात टोचून हृदयाचा स्नायू उगवेल का? २००१ मध्ये उंदरांवरील एका गाजलेल्या शोधनिबंधाने ‘होय’ म्हटले आणि जगभर चाचण्यांची रीघ लागली. या प्रवाहाचे अध्वर्यू पिएरो अन्व्हर्सा यांचे ३१ शोधनिबंध मागे घेतले जावेत, अशी शिफारस हार्वर्ड विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने २०१८ मध्ये केली. दरम्यान हजारो रुग्णांच्या हृदयात सुया टोचून झाल्या होत्या. पक्षाघाताबाबत भारताचे स्वतःचे उत्तर उपलब्ध आहे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांवर १२० रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना त्यांच्याच मज्जेतील पेशी शिरेवाटे दिल्या, निम्म्यांना दिल्या नाहीत. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उपचार सुरक्षित, लाभ शून्य. खिळलेल्या वडिलांच्या घरासाठी हा निष्कर्ष कडू आहे. पण तो मराठीत किती जणांना ठाऊक आहे? यशाच्या बातम्या छापल्या जातात, अपयशाचे अहवाल कपाटात राहतात.

मेंदू आणि हृदय अवघड का, तेही याच ओघात सांगायला हवे. रक्त वाहते, त्यातील पेशींना शेजाऱ्याशी बांधून घ्यावे लागत नाही. मेंदूतील पेशीला मात्र नेमक्या दुसऱ्या पेशीशी धागा जुळवावा लागतो, आणि हृदयातील पेशीला साऱ्या स्नायूबरोबर एका ठेक्यात धडकावे लागते. ठेका चुकला तर लाभ राहो बाजूला, हृदयाची लय बिघडते.

मग संशोधनाला काही भवितव्यच नाही का? आहे, आणि ते फार मोठे आहे. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. अशा पेशी शरीरातील कोणत्याही प्रकारच्या पेशीत घडवता येतात. भ्रूणाचा नाश हा त्यातील नैतिक पेच. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी सरकारी निधी त्या दिवसापर्यंत तयार असलेल्या पेशीमालिकांपुरता मर्यादित केला. त्या मालिकांची जागतिक यादी जाहीर झाली तेव्हा भारताच्या नावावर १० मालिका निघाल्या. त्यांपैकी सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या, तर तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या होत्या. मराठी वृत्तपत्रांनी तेव्हा अभिमानाने मथळे दिले. यादीतील साठाहून अधिक मालिकांपैकी संशोधकांना प्रत्यक्षात वापरता आल्या त्या वीस-एकवीस, ही बाब मथळ्यांत आली नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने पुढे दोन भारतीय मालिका तयार केल्या. पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे व डॉ. ललिता लिमये यांनी रक्ताच्या मूलपेशी गोठवून ठेवताना त्यांची हानी कशी टाळावी यावर वर्षानुवर्षे काम केले. मथळा होण्याजोगे हे काम नव्हे, पण प्रत्यारोपणासाठी साठवलेली पेशी वितळवल्यावर जिवंत निघाली नाही तर बाकी सारे व्यर्थ असते.

२००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी भ्रूणाचा पेचच बाजूला सारला. उंदराच्या साध्या त्वचापेशीत चार जनुके घालून त्यांनी ती पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेली. पुढच्याच वर्षी माणसाची पेशीही. २०१२ चे नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळाले. ‘पेशीला तिचेच काम’ हा निकष येथे वेगळ्या रीतीने पाळला जातो. आधी प्रयोगशाळेत पेशीचे शिक्षण पूर्ण करायचे, हवी ती पेशी झाल्याची खात्री पटवायची आणि मगच तिला शरीरात धाडायचे. २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इन्सुलिन बनवणाऱ्या अशा पेशी पूर्ण मात्रेत मिळालेल्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जपान आणि अमेरिका येथील दोन गटांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी रुजवल्याचे निष्कर्ष मांडले. पेशी तगल्या, सुरक्षित दिसल्या, काही रुग्णांत सुधारणाही आढळली. आकडे लहान आहेत. मधुमेहाच्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावी लागतात, आणि हा उपचार पहिल्या प्रकारापुरता आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य मधुमेहींना असतो तो दुसरा प्रकार. तरीही पंचवीस वर्षांच्या आश्वासनांनंतर हाती आलेले हे पहिले भरीव दाणे आहेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचा दाणा बहुधा सिकलसेलचा ठरेल. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या वेदना देत आला आहे. येथे दाता शोधण्याऐवजी रुग्णाच्याच रक्तमूलपेशी बाहेर काढून, त्यांतील जनुक कापून-जुळवून परत दिल्या जातात. अशा पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये, तर अमेरिकेने त्यानंतरच्या महिन्यात मान्यता दिली. अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. त्या रकमेत तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय उभे राहील. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेले, बिरसा मुंडा यांचे नाव धारण करणारे देशी तंत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे हस्तांतरित करण्यात आले. चाचण्यांची वाट त्यालाही चुकणार नाही, पण स्वस्त लस बनवण्याचा अनुभव असलेले हात त्याला लागणार आहेत.

उरले ते पहिले घर, पाय न टाकणाऱ्या मुलाचे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मज्जारज्जूची इजा यांवर रुग्णाचीच मज्जा काढून पाठीच्या कण्यातून टोचण्याचा धंदा देशात अनेक शहरांत चालत आला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन व उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ मध्ये ‘उपचार’ हा शब्द जाणीवपूर्वक गाळण्यात आला. २०१७ च्या आवृत्तीनुसार मान्य रक्तविकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णावरील कोणताही वापर हे संशोधन ठरते आणि ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवे. स्वमग्नतेसाठी हा उपचार सुचवू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. ‘आपल्याच पेशी, अपाय कसला?’ हा युक्तिवाद तर निखालस फसवा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे स्वतःच्याच चरबीतील पेशी डोळ्यात टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेली. ती हकीकत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. गुडघेदुखीचे प्रकरण थोडे निराळे. बंगळुरूच्या कंपनीच्या, दात्यांच्या मज्जेपासून बनवलेल्या एका उत्पादनाला २०२२ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, तीही चाचण्यांनंतर. त्या मान्यतेचा आधार घेऊन कुणीही रुग्णाची चरबी उपसून गुडघ्यात सोडावी, असा तिचा अर्थ होत नाही.

नाळेतील रक्त साठवणाऱ्या खासगी पेढ्यांविषयीही हाच विवेक हवा. पॅरिसमध्ये १९८८ साली नाळेच्या रक्ताने पहिले प्रत्यारोपण झाले ते बहिणीच्या नाळेतील रक्ताने भावाला. बाळ थॅलेसेमियाचे असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळेतील मूलपेशींतही तोच दोष असणार. ते रक्त त्याला परत देऊन काय साधणार? घरात आधीच आजारी भावंड असेल तर नव्या बाळाच्या नाळेचे रक्त राखणे शहाणपणाचे. एरवी ते हप्ते भरण्यापेक्षा गरोदरपणाच्या प्रारंभी दोघा पती-पत्नींची थॅलेसेमियासाठी रक्ततपासणी करणे कितीतरी स्वस्त आणि खात्रीचे आहे.

एखाद्या केंद्राने मूलपेशींचा उपचार सुचवलाच, तर चाचणी आहे का, असल्यास भारताच्या वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक कोणता आणि रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत, हे तीन प्रश्न तेथेच विचारावेत. ही नोंदवही संगणकावर कुणालाही पाहता येते आणि जून २००९ पासून चाचण्यांची नोंद तीत बंधनकारक आहे. चाचणीतील प्रायोगिक उपचाराचा आकार रुग्णाला लावता येत नाही. अलीकडे काही केंद्रे नोंदणी क्रमांक पत्रकावर ठळक छापू लागली आहेत. नोंद होणे म्हणजे सरकारची मान्यता मिळणे नव्हे, एवढे तेथे छापलेले नसते.